मार्थाचं न लिहिलेलं टाचण

मार्था,

तुला मातीत ठेवून तीन दिवसही झाले नव्हते, तेव्हा मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "मार्थाबाईंचं तिसरीच्या भूगोलाचं नियोजन कुठे ठेवलेलं असतं?" मला हसू आलं. अशा वेळी हसणं बरं दिसत नाही हे कळत होतं, तरी आलं. बावीस वर्षं ज्या गोष्टीसाठी मी तुझ्या मागे लागले होते, ती त्या इतक्या सहज मागत होत्या, जणू तुझ्या कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात ती नीट ठेवलेली असणार. मी तुझं कपाट उघडलं. आत रंगीत खडूंचे तुकडे, एक मोडकी छत्री, सुतळीचा गुंडा, शिंपल्यांची बरणी, जुन्या कॅलेंडरांची भेंडोळी आणि सुकेळ्यांचं एक पुडकं निघालं. नियोजनाची वहीही निघाली. तिच्यावर तुझ्या त्या सुरेख अक्षरात तुझं नाव, इयत्ता आणि वर्ष घातलेलं होतं. आतली भूगोलाची पानं सगळी कोरी.

उद्या तुझ्या महिन्याच्या मिस्साला तुझ्या भावाने मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. तुमच्या देवळात, फादरांसमोर, वाडीतल्या सगळ्या नातलगांपुढे मी काय बोलणार? चांगलंच बोलावं लागेल. हसतमुख होती, मनमिळाऊ होती, मुलांची लाडकी होती. यातलं काहीही खोटं नाही. पण आत्ता मला तुझा जो संताप आलाय त्याचं काय करू? म्हणून आधी हे लिहून काढते. उद्या मग शहाण्यासारखं बोलेन.

नियम काही मी केला नव्हता. वर्षाचं नियोजन जूनमध्ये द्यायचं, महिन्याचं महिन्याला, आणि रोजच्या पाठाचं टाचण काढून ठेवायचं. काय शिकवणार, कशाच्या आधारे शिकवणार, तास संपल्यावर मुलांना काय यायला हवं, एवढंच त्यात लिहायचं असतं. शनिवारी वह्या मोठ्या बाईंच्या टेबलावर सहीला. शाळेतल्या सगळ्या बाया हे करत होत्या. तुझी वही मात्र शनिवारी हटकून घरी राहिलेली असायची. बरं, गणिताचं टाचण तू लिहायचीस, मराठीचंही लिहायचीस. भूगोलाचं म्हटलं की तुझं ठरलेलं उत्तर, "मुलं नेतील तिकडे जाते गं मी, आधीपासून कसं लिहू?" पुस्तक त्याला परिसर अभ्यास म्हणतं, तू भूगोल म्हणायचीस, आणि मी मनातल्या मनात त्याला मार्थाची सहल म्हणायचे. मनातल्या मनात कशाला, तोंडावरही म्हणाले आहे.

मी आले कराडहून, लग्न होऊन विरारच्या फ्लॅटमध्ये. मला समुद्र कुठे, खाडी कुठे, मिठागरं कुठे, काही माहीत नव्हतं. मला भूगोल पाठ होता आणि हा भाग पाठ नव्हता. पहिल्याच महिन्यात एका रविवारी तू मला तुझ्या स्कूटरवर मागे बसवून गास गावापासून तुमच्या वाड्यांपर्यंत फिरवलंस. कुठली विहीर गोडी, कुठली मचूळ, केळी कुठे लावतात, मोगरा कुठे, भात कुठे आणि का, सगळं सांगत होतीस. माझी कंबर मोडली होती आणि साडीवर चिखल उडाला होता. "मुलांना शिकवायच्या आधी तू एकदा बघून घे," म्हणालीस. घरी जाऊन मी ते सगळं वहीत मुद्देसूद उतरवलं. तुला दाखवलं तर तू म्हणालीस, बघ, तू लिहितेस ना, मग मी कशाला लिहू. त्या दिवशीच मी ओळखायला हवं होतं.

दिशा पहिल्या आठवड्यात शिकवाव्यात की दहाव्या, यावर आपण किती डबे गार केले असतील. माझं म्हणणं सरळ होतं. आधी दिशा, मग नकाशा, मग गाव, जिल्हा, राज्य. पुस्तकाचा क्रम कुणीतरी विचार करूनच लावला असेल ना? तू म्हणायचीस, इथल्या पोरांना ईस्ट आणि वेस्ट जन्मापासून येतं, आणि तेच चुकीचं येतं. मला ते पटत नव्हतं. मग आपण चौथीची सहल राजोडीच्या किनाऱ्यावर नेली. समुद्राकडे तोंड करून उभ्या केलेल्या मुलांना मी विचारलं, पश्चिम दाखवा. अर्ध्या वर्गाने समुद्राकडे पाठ फिरवली आणि मागे बोट दाखवलं. वेस्ट तिकडे, आमची बिल्डिंग तिकडेच आहे. त्यांच्या लेखी वेस्ट म्हणजे रेल्वे लाइनीच्या अलीकडे आपण राहतो ती बाजू, आणि समुद्र म्हणजे समुद्र. तू वाळूत बसून पोट धरून हसत होतीस. मी रागाने लाल झाले होते. तेव्हाही मी म्हणाले होते की याचसाठी दिशा आधी शिकवायला हव्यात, आणि तू म्हणालीस की याचसाठी नंतर. हा वाद आपला तसाच राहिला. आता तो एकटीने कसा संपवायचा, ते तू सांगितलं नाहीस.

तुला लिहिता येत नव्हतं असंही नाही, आणि हेच मला सर्वांत जास्त लागतं. मला डेंग्यू झाला होता त्या वर्षी मी तीन आठवडे अंथरुणाला होते. तू दोन्ही वर्ग सांभाळलेस. संध्याकाळी रिक्षा करून विरारला येऊन मला पेज पाजून जायचीस, कारण माझ्या घरात त्या वेळी करणारं कुणी नव्हतं. मी परत आले आणि माझी टाचणवही उघडली, तर तीन आठवड्यांचं टाचण लिहिलेलं होतं. उद्दिष्टं, साहित्य, मूल्यमापन, रकाने आखून, एकही खाडाखोड नाही, मोठ्या बाईंची सही घेतलेली. माझ्या नावाने तू मला हवं तसं लिहिलं होतंस. मी थँक्यू म्हणायला हवं होतं. त्याऐवजी बहुतेक म्हणाले, स्वतःचं का लिहीत नाहीस मग? असं असतं माझं. तू हसून डब्यातली भाजी माझ्या ताटात वाढलीस.

आता ते नकाशाचं.

ऑगस्टमध्ये तू तीन दिवसांची रजा टाकलीस. अर्जात घरगुती कारण लिहिलंस. मला वाटलं, भाचीच्या लग्नाची खरेदी असेल. नेमकी त्याच आठवड्यात शाळेची तपासणी लागली. तुझ्या वर्गाच्या भिंतीवर मुलांनी काढलेला तो भलामोठा नकाशा होता, कॅलेंडरांची पाठची बाजू जोडून केलेला. वर शीर्षक, "आमची शाळा आणि आजूबाजू." मी तो बघितला आणि मला घाम फुटला. मेडिकलचं दुकान स्टेशनएवढं मोठं. कुणाची तरी आजी विक्रमगडला राहते, तिचं घर पाण्याच्या टाकीशेजारी. आणि तुझ्या तिसरीतल्या स्वराने शाळेच्या मागच्या नव्या इमारतींमधून एक जाड निळी रेघ काढली होती, तिच्यावर लिहिलं होतं, वहाळ. मी फोनवर नकाशा उघडून बघितला. तिथे वहाळ नव्हता, नालाही नव्हता, पार्किंग होतं. शाळा सुटल्यावर मी स्टुलावर चढले आणि लाल मार्करने चौदा चुका दुरुस्त केल्या. स्वराच्या निळ्या रेघेवर फुली मारून शेजारी लिहिलं, येथे नाला नाही. अक्षर चांगलं काढलं होतं. तपासणीला आलेले साहेब नकाशासमोर जेमतेम अर्धं मिनिट थांबले. मला वाटलं होतं, तू आल्यावर माझे आभार मानशील.

तू आलीस, भिंतीकडे बघितलंस आणि कोणी केलं ते विचारलंही नाहीस. माझं अक्षर तुला माहीत होतं. मधल्या सुट्टीत मला म्हणालीस, "तिने आजोबांना विचारून काढला होता वहाळ. पुसायच्या आधी पोरीला एकदा विचारावं, हे का काढलंस."

मी म्हणाले, फोनवर बघितलं, तिथे नाही.

"फोनला काय माहीत, सुनंदा? फोन काल आला."

मग मी बोलले ते बोलले. तुझं हे सगळं कुठे लिहून ठेवलंय का? लिहिलं असतंस तर मला कळलं असतं की तुझ्या वर्गात कशाला चूक म्हणायचं आणि कशाला नाही. तुझा भूगोल म्हणजे नुसतं भटकणं आहे, आणि ते झाकायचं काम इतकी वर्षं मी करते आहे. हे शेवटचं मी म्हणायला नको होतं. तू पर्स उचललीस आणि वर्गात गेलीस. तू ओरडली असतीस तर बरं झालं असतं.

त्यानंतर आपण नऊ दिवस फक्त गुड मॉर्निंग म्हटलं. रोज मी ठरवत होते की आज बोलेन, आणि रोज मला वाटत होतं की आधी तिने बोलावं, ती मोठी आहे. दहाव्या दिवशी शाळेच्या ग्रुपवर तुझ्या नंबरवरून तुझ्या भावाचा मेसेज आला, तू गेल्याचा. ते तीन दिवस तू हृदयाच्या तपासण्यांसाठी दवाखान्यात होतीस, हे मला तुझ्या घरच्या ओसरीवर, खुर्च्या मांडणाऱ्या तुझ्या वहिनीकडून कळलं. घरगुती कारण. एवढंसुद्धा कुठे लिहायचं नाही, मार्था? मला सांगितलं असतंस तर मी त्या दिवशी तोंड बंद ठेवलं असतं. नसतं ठेवलं कदाचित. पण तू मला ती संधी द्यायला हवी होतीस.

तुझ्या जागी नवीन शिक्षिका मिळेपर्यंत तुझी तिसरी आणि माझी चौथी, दोन्ही वर्ग माझ्या गळ्यात आले. दोन्ही मिळून मुलं तरी किती, मधली प्लायची भिंत सरकवली आणि तिसरी-चौथी एकत्र बसवली. पहिल्याच दिवशी स्वराने वहीत एक रेघ ओढली आणि वही घेऊन माझ्याकडे आली. "बाई, बरोबर आहे का?" बरोबर आहे म्हटलं. दुसरी रेघ ओढली, पुन्हा आली. बेरजेला आली, शुद्धलेखनाला आली, चित्रातल्या सूर्याला पिवळा द्यायच्या आधी आली. मी तिसरीच्या बाकीच्या मुलांना विचारलं, ही आधीपासून अशी आहे का? नाही, मुलं म्हणाली, नकाशानंतर झाली. मुलं असं सांगतात तेव्हा त्यात दोष द्यायचा हेतू नसतो, म्हणून ते जास्त लागतं. मुलीला मी दोन आठवड्यांत भित्री करून ठेवली होती, आणि हे निस्तरायचं कसं, ते ज्या एका माणसाला विचारायचं ते माणूस गेलं होतं.

त्यात मोठ्या बाईंचं नियोजन. त्या वाईट नाहीत, तुला माहीत आहे. शेजारच्या इंग्रजी शाळेत मुलं जाताहेत, पालक येऊन विचारतात की तुमची पोरं सारखी बाहेर का असतात. त्यांच्याकडे कुठल्याशा ग्रुपवरून आलेली तयार नियोजनाची फाइल होती, छापील कृतिपत्रिकांसकट. त्या म्हणाल्या, पुढच्या शनिवारपर्यंत मार्थाबाईंच्या पद्धतीचं नियोजन कागदावर दाखवा. नसेल तर आपण ही फाइल वापरू, आणि परिसर भेटी बंद. मी म्हणाले, दाखवते. कशाच्या जोरावर म्हणाले ते माझं मलाच माहीत नाही. मी तर इतकी वर्षं तुला हेच सांगत होते की तुझ्या शिकवण्याला नियोजनच नाही.

रविवारी दुपारी मी पलंगाचा खण उघडून माझ्या जुन्या टाचणवह्या काढल्या. अकरा वर्षांच्या होत्या. मला वाटलं, माझ्याच चौथीच्या टाचणांवरून काहीतरी जुळवता येईल. पानं उलटताना माझं लक्ष शेऱ्याच्या रकान्याकडे गेलं. पाठ पूर्ण झाला नाही तर कारण लिहायचा तो शेवटचा रकाना. मी दरवेळी कारण लिहिलेलं होतं, आणि दरवेळी कारण तूच होतीस.

"शेजारील वर्ग नळाजवळ. पाणी कुठून येते यावर मोठ्याने चर्चा. पाठ अपूर्ण." "शेजारील वर्ग पटांगणात, साचलेले पाणी कुठे जाते हे बघण्यासाठी. माझी चार मुले खिडकीत." "शेजारील वर्गाने व्हरांडाभर खडूने रेघा ओढल्या. मावशींची तक्रार." "शेजारील वर्ग बाजारात गेला. परत येऊन भाज्यांवरून भांडण." "शेजारील वर्गात कोणाचे तरी आजोबा. एक तास गप्पा." "शेजारील वर्ग पुन्हा नकाशा काढत आहे. एकदा काढलेला असताना." "मुले भांडताहेत आणि बाई वर्गाकडे पाठ करून उभ्या."

आधी मला लाजच वाटली. अकरा वर्षं मी तुझ्याविरुद्ध लेखी तक्रार करत होते आणि मोठ्या बाई न वाचता खाली सही करत होत्या. मग मी दुसऱ्या वर्षाची वही पहिल्या वर्षाशेजारी ठेवली. मग तिसऱ्या. सगळ्या वह्या फरशीवर पसरल्या आणि मधे बसून राहिले. नळ दरवर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. पटांगणातलं पाणी जुलैच्या सुरुवातीला. मग खडू, मग बाजार, मग कागदावरचा पहिला नकाशा, मग आजोबा नाहीतर आजी, मग दुसरा नकाशा. आणि दिशा नेहमी दहाव्या आठवड्यात, दुसऱ्या नकाशानंतर, जेव्हा मुलांचे नकाशे एकमेकांशी जुळेनासे होऊन भांडणं लागायची आणि कुणीतरी म्हणायचं की वर काय आहे ते एकदा ठरवा. अकरा वर्षांत एका आठवड्याचा फरक पडला असेल तर गणपतीच्या सुट्टीमुळे.

म्हणजे नियोजन होतं. माझ्यापेक्षा पक्कं होतं. मुलं नेतील तिकडे जाते म्हणणाऱ्या बाईंनी मुलांना दरवर्षी बरोब्बर त्याच वाटेने नेलं होतं आणि मुलांना वाटत राहिलं की आपणच नेतोय. मलाही तेच वाटत राहिलं. मला सांगायला काय झालं होतं तुला? मी बाजूच्या वर्गात होते, मधे नुसती प्लायची भिंत. की तुला वाटलं, हिला सांगितलं तर ही त्याचेही रकाने पाडेल? पाडले असते. आणि आता मी तेच करत बसले होते, तुझ्या चहाड्यांवरून तुझं नियोजन लिहीत. त्या दुपारी मी तुझ्यावर इतकी चिडले होते की रडायचंही राहून गेलं. ते नंतर केलं.

पुढचा घटक आजोबांचा होता, म्हणून मी स्वराच्या आजोबांना बोलवायला गेले. गासमध्ये अजून थोडी भातशेती करतात ते. आले लगेच, दरवर्षी तू दुसऱ्याच कुणाच्या तरी आजोबांना बोलवायचीस याचा थोडा राग होता त्यांना. वर्गात बोलून झाल्यावर ते मला एकटीला शाळेमागच्या इमारतींपाशी घेऊन गेले. पार्किंगमध्ये उभं राहून काठीने जमिनीवर दाखवलं. "हितंच होता वहाळ. मी पोवलोय त्यात. भराव टाकला न वर बिल्डिंगी आल्या, तरी पानी येतं ते हितनंच." मी मान हलवली. मी रोज त्या गेटवरून जाते, आणि पावसात तिथे गुडघाभर पाणी असतं म्हणून पलीकडच्या रस्त्याने जाते. मला ते माहीत होतं. मी ते कधी भूगोल म्हणून बघितलं नव्हतं. त्यांना मी सांगितलं की तुमच्या नातीच्या नकाशावर फुली मी मारली. ते म्हणाले, घरी बोलली होती ती. एवढंच म्हणाले, आणि मला गेटपर्यंत सोडायला आले.

शनिवारी मी नियोजन दिलं. बारा आठवडे, उद्दिष्टांसकट, तुला आवडलं नसतं इतकं व्यवस्थित. तयार करणाऱ्याचं नाव या रकान्यात तुझं लिहिलं. मोठ्या बाई म्हणाल्या, त्या तर नाहीत, असं कसं चालेल. मी म्हणाले, लिहिणारीचं नाव खाली घातलंय, बारीक अक्षरात. त्यांनी वाचलं, या वेळी खरंच वाचलं, आणि म्हणाल्या, एक तास मी येऊन बसते, मग ठरवू. निकाल आधीच सांगते, तुला ताटकळत ठेवायला नको. तास झाल्यावर त्यांनी मला सांगितलं की पुढच्या आठवड्याचं टाचण वेळेवर द्या. छापील फाइल त्यांच्या टेबलावर आता चहाच्या कपाखाली असते. तर ते झालं. पण मला सांगायचं आहे ते त्या तासाबद्दल.

दुसऱ्या नकाशाचा तास होता. व्हरांड्यात, खडूने, फरशीवर. मोठ्या बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. सुरुवातीला मी सगळ्यांसमोर स्वराला म्हणाले की तुझा वहाळ बरोबर होता, मी चुकले, मी तुला विचारायला हवं होतं. बाईंच्या तोंडून असं ऐकायची मुलांना सवय नाही. स्वराने ऐकून घेतलं आणि विचारलं, मग आता काढू का? काढ म्हटलं. तिने खडू टेकवला, वीतभर रेघ ओढली आणि मान वर करून म्हणाली, "बाई, बरोबर आहे का?"

मला वाटलं होतं, माफी मागितली की झालं. मला खरंच तसं वाटलं होतं. मग मला माझाच तो शेरा आठवला, बाई वर्गाकडे पाठ करून उभ्या. अकरा वर्षं मी त्याला निष्काळजीपणा समजत आले होते. मी व्हरांड्याच्या टोकाला गेले आणि मुलांकडे पाठ करून उभी राहिले. फार कठीण आहे गं ते. मागे मुलं काहीतरी चुकीचं काढताहेत हे ऐकू येत असतं आणि वळायचं नसतं. तुला कसं जमायचं कोण जाणे. मी मनातल्या मनात आकडे म्हणत उभी होते. मागे आधी कुजबुज, मग आवाज चढले, मग भांडण. तेव्हा मात्र मी वळले.

शाळेचं गेट होतं, आणि गेटला अगदी खेटून स्वराने एक कौलारू घर काढलं होतं. दारात तुळस नाही, क्रूस. त्याच्याखाली लिहिलं होतं, मार्था बाई. आर्यन तावातावाने सांगत होता की बाईंचं घर इथे नाही, आपण प्रार्थनेला गेलो होतो ना, रिक्षा करावी लागली होती, दोन गावं पलीकडे आहे. बाकीचे त्याच्या बाजूने होते. आणि आर्यन बरोबर होता, यात काही प्रश्नच नव्हता.

स्वरा खडू धरून बसली होती. माझ्याकडे न बघता तिने आर्यनला सांगितलं, "पण आपण यायच्या आधी त्या रोज इथेच असायच्या. लांब राहणारं माणूस रोज सगळ्यांच्या आधी कसं येईल?"

मग सगळ्या वर्गाने माझ्याकडे बघितलं. मोठ्या बाईंनीही बघितलं. फक्त स्वराने बघितलं नाही, ती घराला खिडकी काढायला लागली होती. मी म्हणाले, राहू दे.

चूक समोर दिसत असताना ती तशीच राहू देण्याची बावीस वर्षांतली माझी ती पहिली वेळ. आणि ती तू बघितली नाहीस. याचा मला फार राग येतो, मार्था.